भिंगाआड राहिलेले क्वेसार

हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला तांबूस रोहिणी दिसते. तिच्यापासून आकाशात जेमतेम दोन चंद्रबिंबांच्या अंतरावर एक क्वेसार आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसण्याचा प्रश्नच नाही, कारण त्याचा प्रकाश १२८० कोटी वर्षे प्रवास करून आपल्याकडे आला आहे. जे०४३९+१६३४ असे रुक्ष नाव असलेला हा क्वेसार जानेवारी २०१९मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो विश्वाच्या पहिल्या १०० कोटी वर्षांतला सर्वांत तेजस्वी ठरला. दिसणारे तेज सुमारे ६०० लाख कोटी सूर्यांइतके!

पण हे तेज बरेचसे उसने आहे.

क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवर आणि त्यात पडता पडता तापून उजळलेला वायू. या क्वेसारच्या आणि आपल्या मध्ये एक फिकट दीर्घिका आली आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाची वाट वाकते आणि एरवी इकडेतिकडे गेला असता तो प्रकाशही आपल्यापर्यंत पोहोचतो. क्वेसार त्यामुळे जवळपास ५० पट उजळ दिसतो. अशा भिंगाची शक्यता आइन्स्टाइन यांनी १९३६मध्ये मांडली होती. मात्र ताऱ्यांच्या बाबतीत ते कधी पाहायला मिळेल, असे त्यांना वाटत नव्हते. दीर्घिका हे काम करतील, असे फ्रिट्झ झ्विकी यांनी पुढच्याच वर्षी सांगितले. १९७९मध्ये एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा सापडल्या आणि झ्विकी खरे ठरले.

मग इतक्या दूरचा, भिंगातून दिसणारा क्वेसार सापडायला आणखी ४० वर्षे का लागली? अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे शाओहुई फॅन आणि त्यांचे सहकारी वीसेक वर्षे दूरचे क्वेसार शोधत होते. अडचण होती शोधाच्या नियमातच. अतिदूरच्या क्वेसारचा निळ्या बाजूचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन शोषून घेतो आणि उरलेला प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन तांबड्या-अवरक्त भागात सरकतो. म्हणून शोधणारे असे ठिपके निवडतात, जे तांबड्या गाळणीतून दिसतात आणि निळ्या-हिरव्या गाळणीतून दिसत नाहीत. नियम अगदी योग्य. पण समोर भिंग झालेली दीर्घिका असेल, तर तिचा स्वतःचा प्रकाश त्या निळ्या-हिरव्या गाळण्यांतून दिसतो आणि तो ठिपका यादीतून बाद होतो. थोडक्यात, जे हवे होते तेच चाळणी टाकून देत होती.

रोहिणीजवळचा क्वेसार सापडला, कारण त्याच्यापुढची दीर्घिका फारच मंद होती. तरीही तो भिंगातून दिसतो आहे, हे हबल दुर्बिणीने टिपलेल्या बारकाव्यांमुळेच कळले. त्याच्या प्रतिमांमधले अंतर अवघे ०.२ कोनीय सेकंद आहे. जमिनीवरच्या बहुतेक दुर्बिणींना तो एकच ठिपका वाटतो.

हा निव्वळ मोजदादीचा प्रश्न नाही. कृष्णविवराचे वस्तुमान काढताना क्वेसारचे तेज हिशेबात धरावे लागते. विश्व १०० कोटी वर्षांचेही नसताना सूर्याच्या अब्जावधी पट वजनाची कृष्णविवरे तयार झाली कशी, हे कोडे खगोलशास्त्रज्ञांना छळते. त्यातली काही भिंगामुळे फुगलेली दिसत असतील, तर तेवढ्यापुरते कोडे सैल होईल. सगळे सुटेल, असे मात्र नाही. हबलने याआधी तपासलेल्या अशा क्वेसारांत दुसरी प्रतिमा आढळली नव्हती आणि या क्वेसारमधले कृष्णविवर भिंगाचा परिणाम वजा केल्यावरही सूर्याच्या कित्येक कोटी पट जड भरते.

फाबिओ पाकुची आणि अब्राहम लोब यांनी २०१९मध्येच गणित मांडले, की असे बहुतेक क्वेसार आजवरच्या सर्वेक्षणांतून निसटले आहेत. आता अवकाशात युक्लिड आणि चिलीत रुबिन वेधशाळा आकाशाचा मोठा भाग टिपत आहेत. त्या छायाचित्रांना जुनीच चाळणी लावली, तर पुन्हा तेच होईल. त्यामुळे क्वेसार आणि समोरची दीर्घिका यांचा मिसळलेला प्रकाश ओळखणाऱ्या नव्या निवडपद्धती आता हव्या आहेत.