केळीच्या मुलखातला निवडुंग

धुळ्याच्या पाचकंदीलला फळांच्या गाड्यांवर सफरचंद-मोसंब्यांच्या शेजारी गुलाबी, खवलेदार ड्रॅगन फ्रूट आता दर पावसाळ्यात दिसतं. तरी ते हातात घेऊन उलटंपालटं करत ‘भाऊ, हाई काय शे?’ विचारणारं गिऱ्हाईक अजून संपलेलं नाही. घरी नेऊन कापलं की पांढऱ्या गरातले काळे दाणे बघून पोरं हरखतात, आणि पहिल्याच घासाला घरातलं वडीलधारं माणूस निकाल देतं: ‘फिक्कं शे.’

हा निकाल पुष्कळदा बरोबर असतो. पण त्याचं खापर एकट्या फळावर फोडू नये. खान्देशात आपली फळांची समज केळीवर पोसलेली. रावेर-यावलच्या शिवारात घड हिरवाच कापतात, तो उत्तरेकडे रवाना होतो आणि पिकतो रायपनिंग चेंबरमध्ये, इथिलीनच्या हवेत. आंबा अढीत पिकतो. झाडावरून उतरल्यावरही त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होत राहते. ड्रॅगन फ्रूटचं तसं नाही. तोडताना जेवढी गोडी, तेवढीच. तांदळाच्या डब्यात आठवडाभर पुरून ठेवलं तर साल सुरकुतेल, गोडी वाढायची नाही.

फूल उमलल्यापासून साधारण ३० ते ३५ दिवसांत फळ तयार होतं. साल गुलाबी झाल्यावरही आत काही दिवस साखर भरत असते. लांबच्या बाजारात माल टिकावा म्हणून रंग चढताच तोडणी केली, तर ते दिसायला देखणं आणि चवीला पाणचट निघतं. तेव्हा घेताना नुसत्या रंगावर भाळू नका. फळ हाताला जड लागावं, अंगठ्याने दाबलं तर किंचित दबावं. गचगचीत नको, आणि दगडासारखं तर नकोच.

हे झाड म्हणजे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा वेलीसारखा चढणारा निवडुंग. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी तो व्हिएतनामला नेला आणि आज तो देश याच्या लागवडीतल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. परदेशी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पेरू, पपई, सीताफळही अमेरिकेतूनच आलेत. शहादा-शिरपूरकडची ‘७८६’ पपई तर तैवानच्या बियाण्याची, पण तिला परकी कोण म्हणतं?

सिमेंटचा खांब, माथ्यावर गोल चाक, खांबाभोवती चार रोपं आणि चाकावरून खाली लोंबणाऱ्या फांद्या, अशी याची बाग असते. पानं नाहीत, हिरव्या खोडावरच सगळा कारभार. खोडाची रंध्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी लागतं. फूलही रात्रीच उमलतं, पांढरंशुभ्र, चांगलं वीतभर, आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकतं. मूळ देशात वटवाघळं आणि पतंग त्याचं परागीभवन करतात.

कमी पाणी म्हटलं की दुष्काळी पट्ट्याचे कान टवकारणारच. सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट २०२१ मध्ये दुबईला गेलं. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर काम चालतं. खान्देशात मात्र अडचण पाण्यापेक्षा उन्हाची. निवडुंग असला तरी तो जंगलातल्या झाडांच्या आडोशाने वाढणारा. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांकडे सरकला की खोड पिवळं पडून भाजतं. सावलीची जाळी लावावी लागते, आणि तो खर्च हिशेबात धरल्याशिवाय कुणी खांब उभे करू नयेत.

दिवाळीच्या सुमाराला हंगाम सरत आलेला असतो, त्यामुळे चाखायचं तर तोवरच. फळ फ्रिजमध्ये गार करा. दोन्ही टोकं उडवा, सालीला उभी चीर द्या आणि आत अंगठा सरकवा. साल सहज सुटून गर अख्खा हातात येतो. सगळ्यात गोड भाग मधोमध असतो, म्हणून कडेचा तुकडा चाखून मत बनवू नका. बिया काढायच्या नसतात, त्या दाताखाली बारीक कुरकुरतात. काळं मीठ आणि लिंबू पिळलं तर पांढऱ्या गरालाही चव येते. दोन रंग मिळत असतील तर लाल गराचं घ्या, ते बहुधा जास्त गोड निघतं. त्यातला बीटासारखा रंग बोटांना आणि सदऱ्याला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी लघवीही लालसर दिसू शकते. घरातल्या म्हाताऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन भाऊबीजेला डॉक्टर शोधत फिरावं लागेल.