कण्यातील गाठ आणि शस्त्राचे भय

पाठीच्या कण्याला सुरी लागली की माणूस जन्माचा अंथरुणाला खिळला, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की गाठीचे निदान होऊनही कित्येक कुटुंबे महिनेन्‌महिने लेप, काढे आणि मालिश यांत घालवतात. आणि पाय लुळे पडल्यावर नाइलाजाने शस्त्रक्रियेला रुकार दिला, की विलंबाने जे गेले त्याचे खापर शल्यविशारदाच्या माथी फोडतात.

वस्तुतः ९ जून १८८७ रोजी, म्हणजे क्ष-किरणांचा शोधही लागलेला नसताना, विल्यम गॉवर्स यांनी निव्वळ लक्षणांवरून ताडलेली मज्जारज्जूवरील गाठ व्हिक्टर हॉर्सली यांनी लंडनमध्ये काढली होती. अपेक्षित जागी ती सापडेना, तेव्हा आणखी वरचे हाड काढून त्यांनी तिचा ठाव घेतला. आणि पाय निकामी झालेला तो लष्करी कप्तान पुढे चालू लागला. आज एमआरआय, सूक्ष्मदर्शक आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच मज्जातंतूंच्या संदेशांवर पहारा ठेवणारी यंत्रे दिमतीला आहेत. धोका उरतोच, विशेषतः गाठ रज्जूच्या गाभ्यात असेल तर. परंतु चालता रुग्ण टेबलावर आला, तर तो चालता राहण्याची आशा पुष्कळच अधिक असते.

प्रत्येक गाठ कर्करोगाचीच, हेही खरे नव्हे. मज्जावरणातून उद्भवणारा मेनिन्जिओमा आणि मज्जातंतूच्या वेष्टनातून वाढणारा श्वानोमा बहुधा सौम्य असतात व अनेकदा समूळ निघतात. उलट, अन्यत्रचा कर्करोग कण्यात उतरला म्हणजे शस्त्रक्रिया व्यर्थच, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेत झालेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. अशा गाठीने रज्जू दाबला गेलेल्या निवडक रुग्णांत केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के, तर आधी शस्त्रक्रियेने दाब काढलेल्यांपैकी ८४ टक्के उपचारांनंतर चालू शकले. लिम्फोमासारख्या गाठी मात्र औषधांना व किरणांना एरवीही दाद देतात. तेथे सुरीची घाई नको.

तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग भडकतो, हा समज तर शिकल्यासवरल्या घरांतही ठाण मांडून बसला आहे. आपल्या देशात कण्यातील विकृती क्षयाचीही असू शकते, तिचा मुख्य उपचार औषधांचा आहे, आणि हा निवाडा पुष्कळदा त्या तुकड्यावरच होतो. कॉर्डोमा या विरळा गाठीत सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची भीती खरी आहे. म्हणून ती वाट पुढे गाठ काढणाऱ्या शल्यविशारदानेच आधी आखावी लागते, जेणेकरून गाठीबरोबर तीही कापून काढता येईल.