कळा खऱ्या की सरावाच्या?

सातव्या-आठव्या महिन्यात सून वा लेक ‘पोट दगडासारखे घट्ट होते’ असे सांगू लागली, तर आपण वडीलधाऱ्यांनी घाबरू नये; ‘हे चालायचेच’ म्हणून सोडूनही देऊ नये. इंग्रज डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ साली वर्णिलेल्या या सरावाच्या कळा अनियमित असतात; पाणी प्यायल्याने, लघवी केल्याने, कुशीवर विसावल्याने बहुधा ओसरतात. खऱ्या कळा विश्रांतीने थांबत नाहीत. त्यांतील अंतर घटते, जोर वाढत जातो. म्हणून घड्याळ समोर ठेवून प्रत्येक कळेची वेळ टिपावी. काढे देणे, पोट चोळणे टाळावे.

३७ आठवड्यांपूर्वीच कळा नियमित येऊ लागल्या, किंवा केव्हाही रक्तस्राव झाला, पाणमोट फुटली, बाळाची हालचाल मंदावली, तर घड्याळ पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रायगडच्या किनाऱ्यावर अंतरे फसवी असतात. श्रीवर्धनहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघावे, तर राजपुरीची खाडी आडवी येते. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या रस्त्याने जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. तपासणीअंती कळा सरावाच्या ठरल्या, तरी ती खेप वाया गेली असे मानू नये.