पाचपट चित्र आणि लग्नाची सीडी

पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्राची एक चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असते, गुणाकार ४,१४,७२०. ब्लू-रेची चौकट १९२० बाय १०८०, गुणाकार २०,७३,६००. दुसऱ्याला पहिल्याने भागले तर नेमके पाच येतात, बाकी शून्य. साधा डीव्हीडी प्लेअर घ्यावा की हाय डेफिनिशनवाला, हा प्रश्न २००६ नंतरची पाच-सहा वर्षे टीव्ही बदलायला निघालेल्या घरांपुढे होता, आणि ब्लू-रेच्या बाजूने हीच पाचपट पुढे केली जाई. हिशेबात चूक नव्हती. फक्त तो तबकडीपाशी सुरू होऊन तबकडीपाशीच संपत होता. तबकडीत मुळात भरले काय आहे, ते कसल्या पडद्यावर बघायचे आहे आणि पिक्चर संपेपर्यंत लाइट टिकणार आहे का, हे त्यात धरलेलेच नव्हते. या तीन गोष्टी धरून आज तोच हिशेब पुन्हा मांडला, तर साध्या प्लेअरवर थांबलेली घरे व्यवहाराला पक्की होती, असेच म्हणावे लागते. हे तपासून पाहायला पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यासारखा नमुना नाही. हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यात आहे, आणि ताम्हिणीच्या अलीकडच्या, आषाढात धुक्यात बुडून जाणाऱ्या वाड्याही याच तालुक्यात.

आधी शब्द पाहू. बोलण्यात या सगळ्या तबकड्यांना एकच नाव होते: सीडी. गाण्यांची सीडी, पिक्चरची सीडी, लग्नाची सीडी. आत व्हीसीडी आहे की डीव्हीडी, याची फारशी कुणी चौकशी करत नसे, कारण डीव्हीडी प्लेअर दोन्ही चालवायचा. व्हीसीडी १९९३ची. तिची चौकट ३५२ बाय २८८, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम पाव. एका तबकडीत सव्वा तासाच्या आतबाहेर मावत असल्याने मराठी पिक्चर दोन तबकड्यांत आणि लांबलचक हिंदी पिक्चर तीन तबकड्यांत यायचा. ऐन रंगात कुणाला तरी उठून तबकडी बदलावी लागे. १९९६च्या अखेरीस जपानात निघालेली डीव्हीडी आपल्याकडे स्वस्त व्हायला दहा वर्षे गेली, पण ती आली तेव्हा तिने हे उठणे थांबवले आणि चित्र चौपट केले. ही चौपट डोळ्यांना दिसली, कारण २१ इंची काचेच्या टीव्हीला तेवढे चित्र पेलत होते. २००७च्या सुमारास मोझर बेअर या तबकड्यांच्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा दोघींतला फरक सहा रुपयांवर, म्हणजे कटिंग चहावर आला. रस्त्यावरची ‘फाइव्ह इन वन’ त्याहूनही परवडायची: पाच पिक्चर एकाच तबकडीत कोंबलेले आणि म्हणून पळापळीच्या प्रसंगात पडद्यावर चौकोन चौकोन झालेले. ती इतकी माजली की २००९ मध्ये महाराष्ट्राने धोकादायक कृत्ये रोखणाऱ्या एमपीडीए कायद्यात व्हिडिओ पायरेटला झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत बसवले.

हाय डेफिनिशनच्या बाजूला तेव्हा भांडण चालू होते. तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे, दोन्ही २००६ मध्ये दुकानात आल्या, आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालत नसे. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या हॉलिवूडच्या स्टुडिओने फक्त ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले. तोवर ज्यांनी हौसेने एचडी डीव्हीडीचे यंत्र घेतले, त्यांच्याकडे महागडा डीव्हीडी प्लेअर तेवढा उरला. थांबणाऱ्यांची इथे जीत झाली, पण ती नशिबाची. तिच्यावर युक्तिवाद उभा करण्यात अर्थ नाही.

खरा युक्तिवाद पडद्यापासून सुरू होतो, आणि मुळशीत पडदा आणि वीज वेगळे काढता येत नाहीत. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला भिऱ्याकडे उतरते आणि तिथे १९२७ पासून टाटांची वीज तयार होते. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, त्याने सेनापती बापट महाराष्ट्राला दिले. गावे मात्र बुडाली आणि वीज मुंबईला गेली. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास लाइट नसे. २००६ मध्ये उद्योगांनी आपली जनित्रे चालवून ग्रिडवरचा भार कमी करायचा, अशी ‘पुणे मॉडेल’ नावाची व्यवस्था झाली, पण ती शहरासाठी होती. ज्या खोऱ्याचे पाणी वीज करते, त्या खोऱ्याला वेळापत्रक बघून टीव्ही लावायची वेळ यावी, ही विसंगती जुनीच. प्लेअरच्या निवडीत ती पुन्हा दिसली इतकेच. दोन-अडीच हजारांचा डीव्हीडी प्लेअर दहा-पंधरा वॅटवर चाले, कमी-जास्त दाब बऱ्यापैकी सोसे आणि तबकडी ढकलल्यावर काही सेकंदांत चित्र दाखवे. सुरुवातीचे ब्लू-रे प्लेअर नुसती तबकडी वाचायलाच मिनिटभर किंवा जास्त घेत. त्यांचे पाचपट चित्र टीव्हीपर्यंत पोहोचवायला एचडीएमआयची वायर आणि सपाट पडद्याचा टीव्ही हवा. काचेच्या टीव्हीच्या मागे लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन भोके. त्यातल्या पिवळ्या वायरीतून हाय डेफिनिशन जातच नाही. म्हणजे यंत्र कितीही भारी आणले तरी पडद्यावर उतरणार ते डीव्हीडीइतकेच.

तरी समजा, पडदा आहे, वीज आहे. आता तबकडी उघडून पाहू. मराठी घरातल्या कपाटात काय असे? अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे पिक्चर, दादा कोंडके, रंगमंचासमोर कॅमेरे लावून टिपलेली नाटके, कीर्तने, भारुडे, लावण्या. यातली नाटके आणि कीर्तने मुळातच साध्या व्हिडिओ टेपवर घेतलेली. पाल टेपवरच्या चित्रात ५७६ ओळी, डीव्हीडीतही ५७६. टेपवर जे आहे ते डीव्हीडीत पुरते मावते. तेच ब्लू-रेवर टाकले तर मोठ्या पातेल्यात वाटीभर आमटी. चित्रपटांचे वेगळे. ते ३५ एमएम फिल्मवर होते आणि नीट स्कॅन केले तर त्यांतून ब्लू-रेलाही पुरून उरेल एवढे बारकावे निघतात. पण त्या काळात बाजारात आलेल्या मराठी तबकड्या बहुधा वापरून झिजलेल्या प्रतींवरून टेपवर आणि टेपवरून तबकडीवर आलेल्या. पावसाच्या सरींसारख्या उभ्या रेघा त्यांच्यात कायमच्या. मराठी चित्रपट ब्लू-रेवर आलेच तर अपवादाने आले. पाचपट चित्र दाखवणाऱ्या यंत्राला दाखवायला मराठीत जवळजवळ काही नव्हते.

आणि लग्नाची सीडी. कुठल्याही घरात सर्वाधिक वेळा लागलेली तबकडी कुठली असे विचारले, तर उत्तर पिक्चरचे नाव नसेल. शूटिंगवाले २०००च्या दशकात मिनी डीव्ही कॅमेरा वापरत. त्याची एक टेप तासाभराची आणि चित्र ७२० बाय ५७६, डीव्हीडीच्या मापाला तंतोतंत. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टके, पंगत, वरात. मग संगणकावर नवरा-नवरीच्या चेहऱ्याभोवती बदामाचा आकार, वरून पडणारे गुलाब आणि मागे त्या वर्षीचे हिट गाणे. ही तबकडी उलटी धरली तर तिची पाठ जांभळट दिसते, कंपनीच्या छापील डीव्हीडीची चंदेरी. जांभळा रंग म्हणजे लेझरने ज्यावर लिहिले ते रंगद्रव्य. पुढे शूटिंगवाल्यांकडे एचडी कॅमेरे आले, तरी घरी देताना बरेच जण डीव्हीडीच देत, कारण पाहुण्यांकडे तीच चालणार हे त्यांना ठाऊक होते. बाजार काय मागतो हे जाहिरातवाल्यांपेक्षा शूटिंगवाल्याला चांगले कळत होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही चालवतो, तर मग एकदाच खर्च करून दोन्ही का मिळवू नये? युरोप-अमेरिकेत हा सल्ला बरोबर होता. इथे कपाटात अर्ध्याहून अधिक व्हीसीडी, आणि प्रत्येक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचेलच याची खात्री नसे; पाच भाषांतले माहितीपत्रक चाळून बघावे लागे. शिवाय ब्लू-रेच्या नक्कल रोखणाऱ्या कुलपाच्या किल्ल्या बदलत्या. नवी तबकडी चालावी म्हणून प्लेअरचे सॉफ्टवेअर वेळोवेळी इंटरनेटवरून ताजे करावे लागे, आणि २००९-१०च्या सुमारास मुळशीत पौडच्या पुढे ब्रॉडबँड धरून चालण्यासारखे नव्हते. कुठली तबकडी कुठल्या देशात चालावी हे ठरवणाऱ्या विभागांचे कोडे आणखी वेगळे: डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात, ब्लू-रेसाठी ‘सी’त. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेली ‘ए’ विभागाची तबकडी इथल्या यंत्राने परत बाहेर टाकली तर दोष कुणाचा, हे आई-वडिलांना कोण समजावणार? एका गोष्टीत मात्र ब्लू-रे सरस होती. तिच्या पृष्ठभागावर कडक थर असतो आणि चरे सहज पडत नाहीत. सीडी अडकली की बनियनने पुसायची, तरीही अडकली तर टूथपेस्ट लावायची, हे वैद्यक तिला लागले नसते.

दुसरा आक्षेप हिंजवडीचा. तिथल्या फ्लॅटमध्ये ४० इंची एलसीडी, पगार चांगला, इंग्रजी चित्रपटांची आवड. अशा घराने ब्लू-रे घेतला असेल तर चुकले नाही. उलट त्या चित्राची मजा खरीखुरी होती आणि आजही चांगल्या ब्लू-रेइतके भरीव चित्र बहुतेक स्ट्रीमिंगवर मिळत नाही. पण हे घर तबकडीवर टिकले नाही. २०१० पासून डीटीएचवर एचडी वाहिन्या, मग हार्ड डिस्क, मग फायबर. ज्यांना पाचपट चित्र हवे होते, तेच सर्वात आधी तबकडी सोडून गेले. ब्लू-रेचे गिऱ्हाईक असे दोन्ही बाजूंनी निसटले.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार. लोकांनी ३४ रुपयांच्या चित्रावर समाधान मानले, म्हणून निर्मात्यांनी निगेटिव्ह धुंडाळून नीट स्कॅन केले नाही, आणि आज यूट्यूबवर जुने मराठी चित्रपट कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असलेल्या धूसर रूपात फिरतात. यात तथ्य आहे. मागणी असती तर काही चित्रपट नक्की वाचले असते. पण जतन हा गिऱ्हाइकाच्या खिशावर सोपवायचा विषय नव्हे. पुण्यातच १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २००३च्या जानेवारीत त्याच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, तेव्हा देशात ब्लू-रे दुकानात आलीही नव्हती. फिल्म वाचते ती थंड, कोरड्या कोठारात आणि स्कॅनरवर. मुळशीतल्या पिरंगुटच्या घराने भारी प्लेअर घेतला असता तर त्या कोठाराचे तापमान एका अंशाने उतरले नसते.

२०१८च्या नोव्हेंबरात प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ लागला. याच तालुक्यातल्या जमिनींच्या विक्रीवरचा तो चित्रपट. त्याची सीडी कधी येणार, असे कुणी विचारले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मोझर बेअर अवसायनात काढण्याचा आदेश झाला होता. पिक्चरचे त्यामुळे काही अडले नाही. ते दुसऱ्या वाटेने येतच राहिले. अडले ते जांभळ्या पाठीच्या तबकडीचे. तिची दुसरी प्रत कुठे नाही. शूटिंगवाल्याने टेप पुन्हा वापरलेली असते, नव्या लॅपटॉपला ट्रे नसतो, आणि मुळशीच्या पावसात लोखंडी कपाटातल्या तबकडीवर बुरशी धरते, रंगद्रव्यही वर्षागणिक विटत जाते. म्हणून यंदा दिवाळीची आवराआवर काढाल तेव्हा ती तबकडी शोधा, पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने आतून बाहेर अशी सरळ पुसा, ट्रे असलेला जुना संगणक गाठा आणि तिच्यातला ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर आहे तसा दोन ठिकाणी उतरवून ठेवा. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये घरातली सहा लग्ने बसतील.