बहिणीची सही

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आलं. विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे, वडील नुकतेच गेलेले, मुंबईहून सुधीर आलेला आणि तेराव्याच्या खर्चापासून सुरू झालेली धुसफूस. त्यातही एका रात्री भास्कर घराण्याचे दागिने बायकोच्या अंगावर चढवून तिला न्याहाळतो. वाड्यातलं प्रेम असं सोन्याच्या पेटीशेजारीच भेटतं. दारातला नादुरुस्त ट्रॅक्टर सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मनात राहिली ती प्रभा. शिकायची हौस असून घरातच अडकलेली बहीण. भावांच्या भांडणाला निदान हिश्शाचा आधार असतो. प्रभानं कशाच्या जोरावर भांडायचं?

कायदा उघडून पाहिला तर मोठी गंमत दिसते. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांची वारस केलं खरं. पण त्याच कायद्यातलं कलम २३ म्हणत होतं, की कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस स्वतः करायला निघेपर्यंत तिला मागता येणार नाही. राहता येईल, तेही ती अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तरच. म्हणजे संसार मोडला तर माजघरातला कोपरा तुझा! वाड्यांच्या मनातलंच जणू कुणी कलमात उतरवलं होतं. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं आणलं, मात्र आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. ते वगळणं आणि कलम २३, दोन्ही केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीनं गेली.

कागदावरून गेली. घरांतून किती गेली, हे ज्याचं त्यानं पाहावं.

नव्वदीच्या दशकात मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. तारण द्यायच्या घरावर बहिणींची नावं निघाली, की भाऊ म्हणत, “साहेब, आठ दिवस द्या, हक्कसोड करून आणतो.” आणि आणत! दस्तात मजकूर ठरलेला: स्वखुशीनं, प्रेमापोटी, काही मोबदला न घेता. बहिणीला एक साडी, परतीची एस.टी.

एकदा साठीच्या एक बाई भावाबरोबर आल्या. भाऊ काही लबाड नव्हता. बहिणीचा नवरा आजारी होता तेव्हा यानंच बैलजोडी विकून दवाखाना केला होता. हे त्या बाईंनीच सांगितलं. मग म्हणाल्या, “मला पैसा नको, खोली नको. उताऱ्यावर नाव तेवढं राहू दे. बाबांच्या नावाखाली माझं नाव आहे, ते बघायला बरं वाटतं.”

भाऊ खाली मान घालून म्हणाला, “अक्का, आपल्यात नावाचं काय?”

“मग असू दे की.”

त्यांचं नाव ठेवूनही कर्ज होण्यासारखं होतं. तारणाला त्यांची संमतीची सही पुरली असती. मी तसं दोघांनाही समजावून सांगितलं. भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “घरी विचारून सांगतो.”

घरी म्हणजे त्याच वाड्यात. विचारायचं बायकोला आणि हाताशी आलेल्या मुलांना. बाई उठल्या आणि त्याच्या मागोमाग स्टँडकडे निघाल्या. पिशवी त्यानंच धरली होती.

पुढच्या सोमवारी हक्कसोडपत्र टेबलावर आलं. सही बाईंचीच होती, वळणदार अक्षरात.