डॉक्टरांचा ‘पीए’ व्हायचे आहे? आधी कागद तपासा, कागद जमवा!

मागच्या उन्हाळ्यात घोडेगावच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात आम्ही उभे होतो. आंबेगाव तालुक्यातील आमचे एक बांधव तेथे भेटले. मंचरच्या बाजार समितीत ते हमाली करतात. सोबत बारावी सायन्स झालेली मुलगी होती आणि तिच्या हातात गुळगुळीत कागदावर छापलेले रंगीत माहितीपत्रक.

“जय भीम भाऊ. पोरगी पीए व्हायचं म्हणतीय. आमदाराचा पीए असतो, तसला का?”

आम्ही हसलो. मुलगी हसली नाही. “पप्पा, फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासतात ते.”

सोमवारपर्यंत पन्नास हजार भरले तर जागा पक्की, असे त्यांना शहरातून फोनवर सांगण्यात आले होते. बायकोची कानातली सोनाराकडे ठेवून आणि भिशी उचलून पैसे जमवले होते. ते पैसे पिशवीत, पिशवी काखेत. माहितीपत्रकावर ‘शंभर टक्के नोकरी’, ‘अमेरिकेत संधी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. विद्यापीठाचे नाव मात्र आम्ही दोनदा पान उलटून पाहिले, तरी सापडले नाही.

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही या शिक्षणाची धड माहिती नव्हती. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. पण एवढे कळत होते की ज्या पावतीवर विद्यापीठाचे नाव नाही, त्या पावतीसाठी पैसे मोजायचे नसतात. सोमवार जाऊ द्या, असे आम्ही सांगितले. त्यानंतर महिनाभर विचारपूस केली. त्यातून जे हाती लागले ते आपल्या घराघरांत पोहोचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे काम काय आहे?

फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. रुग्णाची सविस्तर हकिगत विचारणे, त्याला तपासणे, तपासण्यांचे अहवाल एकत्र करून डॉक्टरांपुढे मांडणे, शस्त्रक्रियेत मदत करणे, घरी सोडताना कागद तयार करणे आणि नंतरही रुग्णाची खबर ठेवणे, ही त्याची कामे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतो. स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा हा परवाना नव्हे, हे पालकांनी पहिल्यांदा लक्षात घ्यावे.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ साली निघाले. तेथून पूर्ण पदवीऐवजी परवाना घेतलेले वैद्यक बाहेर पडत आणि खेड्यापाड्यांत काम करीत. १९४६ साली भोर समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, असे सुचवले. त्याच वर्षी बी. जे. चे कॉलेज झाले आणि ती मधली पायरी पुढे नाहीशी झाली. डॉक्टर शहरात राहिले, खेड्यातला रोगी खेड्यातच राहिला. डिंभे धरणापलीकडच्या गावांतून आजारी माणूस घोडेगावला आणताना किती वेळ जातो, हे पश्चिम आंबेगावच्या माणसाला विचारावे.

अमेरिकेत सुरुवात कशी झाली?

अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिले चार विद्यार्थी नौदलात जखमींची शुश्रूषा केलेले माजी सैनिक होते. हातात अनुभव मोठा, पण पदवी नाही. त्या अनुभवाला अभ्यासाची जोड दिली तर हीच माणसे डॉक्टरांचा भार उचलतील, असा डॉ. स्टेड यांचा विचार होता. त्यांतले तिघे १९६७ साली उत्तीर्ण होऊन बाहेर पडले.

त्याही आधीची एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील गार्लंड या छोट्या गावी डॉ. एमॉस जॉन्सन यांचा दवाखाना होता. त्यांच्याकडे हेन्री ट्रेडवेल नावाचा कृष्णवर्णीय मदतनीस होता. डॉक्टरांनी त्याला स्वतः शिकवून तयार केले. डॉक्टर बाहेरगावी असले, तरी ट्रेडवेलच्या हातून दवाखान्याचे काम चाले. वर्णभेद कायद्याने चालू असलेल्या मुलुखात हे घडत होते. डॉ. स्टेड यांच्यापुढे हे उदाहरण होते. पुढे १९७० साली जॉइस निकल्स ही या शिक्षणाची पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. तीही कृष्णवर्णीय आणि आधी परिचारिकेचे काम केलेली.

आज अमेरिकेत असे दीड लाखाहून अधिक लोक काम करतात. तेथे आता हे पदवीनंतरचे, साधारण सव्वादोन वर्षांचे शिक्षण आहे. अर्ज करताना जीवशास्त्र, रसायनशास्त्र, शरीररचना अशा विषयांचे गुण लागतात. शिफारसपत्रे लागतात, स्वतःविषयी निवेदन लिहावे लागते. बहुतेक ठिकाणी रुग्णांसोबत प्रत्यक्ष किती तास काम केले, हेही विचारतात. वॉर्डातला मदतनीस, ॲम्ब्युलन्सवरचा माणूस यांचे ते तास मोजले जातात.

हे वाचताना आम्हाला आपल्या आयाबहिणी आठवल्या. सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार म्हणून आपल्या समाजाची माणसे वर्षानुवर्षे राबली. रात्रीच्या पाळीला रोग्याचा श्वास बदलला, हे पुष्कळदा त्यांनाच आधी कळते. त्यांच्या त्या तासांची नोंद कोणत्याच वहीत नाही. ती व्हावी, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी जरूर करावी. तोवर आपल्या मुलांना पदवीच्या दारातूनच आत जावे लागणार.

आपल्या देशात काय सोय आहे?

भारतात हा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला. आज तो बहुधा बारावी विज्ञानानंतरच्या पदवीच्या रूपात, प्रत्यक्ष कामाचे वर्ष धरून चार वर्षांचा असतो. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव आहे. २०२५ साली केंद्राने या अभ्यासक्रमाचा आराखडाही प्रसिद्ध केला.

तरीही सावध राहावे. छत्तीसगडने २००१ साली ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. पदवीचे नाव आणि दर्जा यांवरून तेथील विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली. इंग्लंडमध्ये तर या लोकांनी नेमके काय करावे यावर मोठा वाद झाला आणि २०२५ च्या लेंग अहवालाने ‘असोसिएट’ऐवजी पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणावे, असे सुचवले. शिवाय भारतातली पदवी घेऊन कोणी थेट अमेरिकेत हे काम करू शकत नाही. तेथील मान्यताप्राप्त संस्थेतच शिकावे लागते आणि तेथील परीक्षा द्यावी लागते. ‘अमेरिकेत संधी’ छापणारा एवढे मात्र छापत नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि अभ्यासक्रमाचे नाव त्या विद्यापीठाच्या यादीत आहे का? २०२१ च्या कायद्याप्रमाणे तो अभ्यासक्रम बसतो का? मुले कोणत्या रुग्णालयात काम शिकणार? चारही वर्षांचा एकूण खर्च किती, तो लेखी मिळेल का? आणि सरकारी शिष्यवृत्ती तेथे लागू होते का? आम्ही त्या माहितीपत्रकावरच्या नंबरवर हेच पाच प्रश्न विचारले. पहिल्याच प्रश्नाला पलीकडून “तुम्ही मुलीचे कोण?” असे उत्तर आले. पुढच्या चार प्रश्नांची गरजच उरली नाही.

आमच्या हातून झालेली चूक

आता कागदांविषयी. येथे आम्हाला आमचीच एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यातील एका विधवा भगिनीचा मुलगा आमच्याकडे आला. हुशार, चांगल्या गुणांचा. जात प्रमाणपत्र होते, पडताळणी झालेली नव्हती. आम्ही ऐटीत सांगितले, “अर्जाची पावती असली की भागतं. आधी ॲडमिशन घे.” आधीच्या वर्षी तसे भागले होते. त्या वर्षी भागले नाही. राखीव जागेवर नंबर लागला, पण वैधता प्रमाणपत्र मुदतीत देता आले नाही आणि जागा गेली. पोराने पुढे शिक्षण सोडले. नारायणगावला औषधांच्या दुकानात तो काम करतो. कारकुनी करणाऱ्या माणसाने नवे परिपत्रक न वाचता सल्ला दिला, त्याची किंमत त्या घराने मोजली.

म्हणून हात जोडून सांगतो, मूल अकरावीला गेले की पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत त्याच वर्षी करा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते. ते आपल्या अभिमानाचे आहेच. राज्याने नवबौद्धांना १९६० पासून सवलती दिल्या आणि १९९० च्या कायद्याने केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळाला. पण तो हक्क वापरायचा तर आजोबा-पणजोबांच्या कागदावरची मूळ जातीची नोंद दाखवावी लागते.

ती कोठे सापडते? आजोबा ज्या शाळेत गेले तेथील दाखल-खारीज रजिस्टरात. जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या गाव नमुना १४ मध्ये. जुन्या वतनाच्या कागदांत. काही नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून त्या देवनागरीत करून घ्याव्या लागतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा शोध घ्या. म्हातारी माणसे आहेत तोवर वंशावळ लिहून काढा. त्यांच्यामागे ती सांगणारे कोणी उरत नाही.

उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखलाही वेळेत काढा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. आज तिला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची १९५४-५५ पासूनची आणि राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, अशा दोन शिष्यवृत्त्या आहेत. जागा मोजक्या आणि अटी दरवर्षी बदलणाऱ्या. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, आमच्यासारख्याच्या आठवणीवर विसंबू नका.

निवेदनात काय लिहावे?

त्या मुलीला एका संस्थेच्या मुलाखतीसाठी स्वतःविषयी एक पान लिहायचे होते. तिने लिहून आणले, “मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.” आम्ही विचारले, “कुठली सेवा केलीस?” ती गप्प झाली. मग म्हणाली, “सेवा नाही. आजीला मण्यार चावली होती, ते पाहिलंय.”

पावसाळ्यात आजी जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात दुखते म्हणाली. चावल्याची खूणही नीट दिसत नव्हती. घरच्यांना वाटले, झोप झाली नाही म्हणून डोळे मिटतात. या मुलीने पाहिले की आजी डोळे उघडायचा प्रयत्न करते, पण पापण्या वर होत नाहीत; पाणी दिले तर गिळता येत नाही. तिने आरडाओरडा करून जीप आणायला लावली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “पापण्या कधीपासून?” घरात त्याचे उत्तर फक्त तिच्याजवळ होते. लस वेळेवर मिळाली, आजी वाचली.

“हेच लिही,” आम्ही म्हणालो. “पण यात माझं काय शिक्षण?” तिने विचारले. रोग्याकडे नीट पाहणे आणि पाहिलेले डॉक्टरांना नेमके सांगणे, हेच तर या कामाचे पहिले शिक्षण आहे. आपल्या मुलांना वाटते की आपल्या घरात लिहिण्याजोगे काही घडत नाही. पालकांनी त्यांना घडलेल्या गोष्टी सांगायला लावाव्यात.

पुढे काय झाले?

त्या संस्थेचा खर्च ऐकून पप्पांनी मान हलवली. बाहेरच्या राज्यात मुलीला ठेवणेही जमणारे नव्हते. मग सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील पॅरामेडिकल पदवीचा अर्ज भरला. बारावीला जीवशास्त्र असलेल्यांसाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची ही पदवी आहे, तीन वर्षे आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. पणजोबांची नोंद जुन्या लोकल बोर्डाच्या शाळेच्या रजिस्टरात सापडली आणि वैधता वेळेत मिळाली. आज ती शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाच्या शाखेत पहिल्या वर्षाला आहे. हव्या त्या दारातून जाता आले नाही याचे तिला वाईट वाटते. पदवीनंतर पुढचे पाहू, असे ती म्हणते. कानातली सोनाराकडून परत आली.

नारायणगावच्या त्या मुलाची आई आजही एस.टी. स्टँडवर भेटली की आधी तीच “जय भीम भाऊ” म्हणते. मान आमची खाली जाते. त्यानंतर आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारात वंदनेनंतर दोन तास बसू लागलो. अकरावी-बारावीच्या मुलांनी आपले कागद घेऊन यावे. सोबत आजी-आजोबांना आणावे. नवे परिपत्रक वाचूनच आम्ही बोलू.