सगळ्या गोळ्या एकदमच?

साठीच्या एक मावशी गेल्या महिन्यात आमच्या ओपीडीत परत आल्या. लघवीला जळजळ होती म्हणून चार दिवसांपूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केलं होतं. कल्चरच्या रिपोर्टप्रमाणे त्या जंतूवर हे औषध चालायला हवं होतं. तरी त्रास तसाच. औषध बदलावं असं मनात आलं, पण आधी विचारलं, "मावशी, गोळ्या घेता कशा?"

"जेवण झालं की सगळ्या एकदमच, ताकाबरोबर. म्हणजे विसरायला होत नाही."

सगळ्या म्हणजे कोणत्या? त्यांनी पिशवी रिकामी केली. गुडघ्यांसाठी कॅल्शियम, रक्तवाढीसाठी लोह आणि मुलाने आणून दिलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली. पहिल्या भेटीत "दुसरं औषध चालू आहे का?" याला त्यांचं उत्तर "नाही" होतं. ते खोटं नव्हतं. ताकदीच्या गोळ्यांना आपल्याकडे कोणी औषध म्हणत नाही. चूक माझ्या प्रश्नात होती.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन पोटात कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांना भेटलं की त्यांच्याशी घट्ट बांधलं जातं. ही जोडी आतड्यातून रक्तात नीट शोषली जात नाही. विषबाधा नाही, पुरळ नाही, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. गोळी घेतल्याचं समाधान मिळतं आणि जंतूंना मात्र अपुरा डोस. अशा अपुऱ्या डोसात तगलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते.

सिप्रोफ्लॉक्सासिन या क्षारांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावं. ते सकाळी ८ आणि रात्री ८ ला घेत असाल, तर कॅल्शियम-लोहासाठी दुपारी २ ची वेळ बरोबर बसते. जेवणात थोडं दही असलं तर चालेल, पण गोळी नुसत्या दुधाबरोबर किंवा ताकाबरोबर गिळू नका. पावसाळ्यात लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. त्याचं लोहाशी जास्तच वाकडं आहे, कारण रक्तात पोचलेलं डॉक्सिसायक्लिनही पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथे लोह त्याला धरतं. तेवढे दिवस लोह थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारा; परस्पर बंद करू नका.

सगळीच प्रतिजैविकं अशी नसतात. अ‍ॅमॉक्सिसिलिनचं कॅल्शियमशी असं भांडण नाही. नुसत्या बी-१२ च्या गोळीनेही हा प्रश्न येत नाही, पण मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. जस्त, लोह, मॅग्नेशियम बहुधा तिथेच सापडतात. औषधाच्या दुकानातही गोळीचं नाव सांगून विचारता येतं.

मावशींचं औषध मी बदललं नाही. चिठ्ठीवर फक्त वेळा लिहून दिल्या. तीन दिवसांनी त्या आल्या तेव्हा जळजळ बरीच कमी होती. निघताना दारातून वळून म्हणाल्या, "डॉक्टर, ते पित्ताचं गुलाबी पातळ औषध चालेल ना? ते पिशवीत नव्हतं, फ्रिजमध्ये असतं."

त्यातही मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं. मी त्यांना परत बसवलं.